नाण्याएवढे पिल्लू, चारशे लिटरचे घर

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात कधी कधी एक छोटी प्लास्टिकची पेटी असते. झाकणाला भोके, आत चार बोटे पाणी, मधोमध प्लास्टिकचा माड आणि त्या माडाखाली हिरवेगार, नाण्याएवढे कासव. मुलांच्या हट्टासाठी शहरातल्या दुकानातून आणलेले. चार-पाच वर्षांत हेच कासव जेवणाच्या ताटाएवढे होते, फ्लॅटमधली पेटी पुरत नाही, पाण्याला वास येऊ लागतो, आणि मग घरात ठरते, ‘गावाला भरपूर जागा आहे, आजीकडे ठेवूया.’ गावी आल्यावर त्याची रवानगी होते मागील दारच्या बादलीत, कपडे धुण्याच्या टाकीत, नाहीतर सरळ विहिरीत.

‘डॉक्टर, कासवापासून मुलांना काही होत नाही ना?’ असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, ‘ते ठेवलंय कुठे? किती पाण्यात?’ विचारणाऱ्याला हा प्रश्न जरा विचित्र वाटतो. पण कासवाच्या टाकीचे माप आणि घरातल्या माणसांचे आरोग्य या दोन गोष्टी एकमेकींत चांगल्याच गुंतलेल्या आहेत. म्हणून आज त्या मापाविषयी.

हे कासव मूळचे कुठले?

आपल्याकडे पाळीव म्हणून विकले जाणारे बहुतेक पाणकासव म्हणजे ‘रेड इअर्ड स्लायडर’. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असतो, त्यावरून ते ओळखता येते. मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचे असते. पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच २५ ते ३० सेंटिमीटर लांब भरते. नर लहान असतो, साधारण १८ ते २० सेंटिमीटरचा. पिल्लू असताना नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे दुकानदाराने ‘हे लहानच राहते’ असे सांगितले तरी त्यावर विसंबू नये. चांगली निगा राखल्यास ते २० ते ४० वर्षे जगते. पहिलीतल्या मुलासाठी घेतलेले कासव त्या मुलाच्या लग्नात आणि कदाचित त्याच्या मुलांच्या शाळेतही असणार, असा त्याचा अर्थ.

आपली देशी कासवे मात्र घरी पाळता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव आणि मऊ पाठीचे, मागच्या पायांवर झडपा असलेले तळ्यातले कासव ही दोन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘वीस नखांचे कासव घरात पैसा आणते’ अशा समजुतीतून होणारी खरेदी-विक्रीही गुन्हाच आहे.

किती मोठी टाकी हवी?

पाणकासवे पाळणाऱ्यांत जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा असा: कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला, म्हणजे दर इंचाला, सुमारे ३८ लिटर पाणी. २५ सेंटिमीटरच्या मादीसाठी हा हिशेब ३८० लिटरवर जातो.

दुसरा हिशेब कवचाच्या लांबीचा. टाकीची लांबी कवचाच्या चार-पाच पट, रुंदी दोन ते अडीच पट आणि पाण्याची खोली किमान दीड ते दोन पट असावी. २५ सेंटिमीटरच्या कासवासाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल पाणी धरले, तर ३६० लिटर होतात. दोन्ही वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोचतो: सुमारे चारशे लिटर. नरासाठी दोनशे ते तीनशे लिटरमध्ये भागेल. दोन कासवे असतील तर निम्म्याने वाढवा, आणि दोघांचे पटत नसेल तर टाक्या वेगळ्या करा. लहान जागेत एक कासव दुसऱ्याचे पाय आणि शेपूट चावते.

पाण्याच्या वर किमान पाऊण ते एक फूट भिंत मोकळी हवी. कासव संथ असते हा गोष्टीतला समज आहे. पाणकासव काठावर नखे रोवून चांगले चढते आणि बाहेर पडले तर पलंगाखाली जाऊन सुकते.

काही पालक म्हणतात, ‘टाकी लहान ठेवली तर कासवही लहान राहील.’ तसे होत नाही. लहान टाकीत वाढ खुंटली तर ती आजारपणामुळे खुंटते. कवच वेडेवाकडे होते, पाय कमजोर राहतात, आयुष्य घटते. कुपोषित मूल लहानखुरे दिसते, त्याला कोणी जपून वाढवलेले मूल म्हणत नाही. इथेही तेच आहे.

आता वजनाचा विचार करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३६० लिटर पाणी, जाड काच, दगड आणि चौथरा धरला तर एकूण भार साडेचारशे किलोंच्या पुढे जातो, आणि तोही पाऊण चौरस मीटर जागेत. जुन्या घराच्या माडीवर, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर किंवा बाल्कनीच्या टोकाला अशी टाकी ठेवू नये. तळमजल्यावर, भक्कम भिंतीलगत ठेवावी.

टाकी काचेचीच हवी असेही नाही. मालवणच्या बंदरावर मासळी बर्फात ठेवायला जाड प्लास्टिकचे मोठे टब वापरतात. तसा नवा किंवा नीट धुतलेला टब काचेच्या टाकीपेक्षा मजबूत असतो आणि धुवायलाही सोपा जातो. पिल्लू आणतानाच मोठी टाकी घेतली तर पुढची दोन-तीन खरेदी वाचते. सुरुवातीला त्यात पाणी कमी ठेवावे आणि कासव वाढेल तसे वाढवत न्यावे.

पाणी थोडे, तर विष दाट

एवढे पाणी कशासाठी? पोहायला जागा मिळते हे खरेच, पण खरे कारण रसायनशास्त्राचे आहे. कासव खाते पाण्यात आणि मलमूत्रही पाण्यातच टाकते. त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो, अंगावरच्या छोट्या जखमा चिघळवतो. तेवढीच घाण पाच लिटरच्या पेटीत पडली आणि चारशे लिटरच्या टाकीत पडली, तर पहिल्या ठिकाणी ती ऐंशी पट दाट असते.

मोठ्या टाकीला गाळणी लागते, म्हणजे फिल्टर. माणसाच्या शरीरात जे काम मूत्रपिंड करते, तेच काम टाकीत गाळणी करते. तिच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला काही आठवडे लागतात. म्हणून स्पंज साबणाने किंवा नळाखाली खसखसून धुऊ नये, टाकीतल्याच थोड्या पाण्यात पिळून घ्यावा. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करते, म्हणून गाळणी टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेली घ्यावी. तरीही दर आठवड्याला चौथाई ते निम्मे पाणी बदलावेच लागते.

आपल्याकडे यात दोन स्थानिक अडचणी आहेत. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. गाळणी बंद पडली की प्राणवायूअभावी तिच्यातले जिवाणू मरू लागतात. मोठ्या टाकीत हा धक्का सावकाश जाणवतो, लहान पेटीत दुसऱ्याच दिवशी पाणी कुजते. दुसरी अडचण टीसीएलची. साथीचे आजार टाळण्यासाठी विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ती टाकलीच पाहिजे. पण क्लोरीनचे ताजे पाणी गाळणीतल्या उपयुक्त जिवाणूंना मारते. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस उन्हात ठेवून मग टाकीत घालावे.

ऊन, कोरडी जागा आणि माती

टाकीचे माप ठरवताना फक्त पाणी मोजून चालत नाही. स्लायडरला रोज काही तास पूर्ण कोरडे होऊन ऊन खावे लागते. त्यासाठी त्याचे सगळे अंग मावेल असा उंचवटा आणि त्यावर चढायला उतरण हवी. ऊन खाण्याच्या जागी तापमान ३० ते ३२ अंश आणि पाण्याचे २४ ते २७ अंश असावे. आपल्या किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ पाणी गरम करावे लागत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये खिडकीत ठेवलेली लहान काचपेटी तासाभरात भट्टीसारखी तापते आणि आतल्या जिवाला पळायला जागा नसते. म्हणून टाकीचा अर्धा भाग नेहमी सावलीत असावा.

ऊनही थेट हवे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात अतिनील ‘बी’ किरण जवळजवळ नसतात. ते किरण नाहीत म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व नाही, आणि ते नाही म्हणजे खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच बोटाने दाबले तर दबते, पाय वाकतात. लहान मुलांच्या मुडदुसाचाच हा भाऊबंद. घरात ठेवायचे असेल तर अतिनील किरणांचा खास दिवा लागतो आणि त्याची ताकद घटत असल्याने तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत दिव्यांचे सांधे लवकर गंजतात. पाण्याच्या जवळ वीज आहे हे विसरू नका. वायरिंगला गळतीरोधक स्विच बसवून घ्या आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करा.

नुसते कोरडे खाद्य किंवा सुकी कोळंबी खाणाऱ्या कासवांचे डोळे सुजून मिटतात, ते बरेचदा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने. तयार खाद्याबरोबर हिरव्या पालेभाज्या द्याव्यात. कासव एका कुशीवर कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकाकडेच जावे. आपल्याकडच्या खोकल्याच्या औषधाचे थेंब पाजू नयेत.

मादीची आणखी एक गरज असते. नर नसला तरी ती अंडी घालू शकते, आणि त्यासाठी तिला उकरायला वाळू-माती लागते. ती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जीव जाऊ शकतो. वयात आलेल्या मादीच्या टाकीला लागून एक फूटभर खोल ओलसर वाळूचा कप्पा असायलाच हवा.

अंगणातला हौद

गावी खरोखर जागा असेल आणि कासव आधीच घरात आले असेल, तर अंगणातला हौद हा सर्वांत चांगला पर्याय आहे. ऊन फुकट, पाणी भरपूर. पण काही गोष्टी पाळाव्या लागतात.

चिरा उघडा ठेवू नये. त्याच्या खरखरीत अंगाने पोटाकडचे कवच घासून जखमा होतात आणि त्यात जंतू शिरतात. आतून गुळगुळीत गिलावा करावा. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, म्हणून नवा हौद पाण्याने भरून, काही दिवस ठेवून, रिकामा करावा, आणि असे तीन-चार वेळा केल्यावरच कासव आत सोडावे.

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हौद भरून वाहू लागला की कासव काठावरून व्हाळात आणि तिथून नदीत जाते. त्यामुळे काठाच्या बरेच खाली जाळी लावलेली सांडव्याची नळी हवी. वरून मजबूत जाळी हवी, कारण कावळे, मुंगूस, घोरपड आणि कुत्री लहान कासवाला सोडत नाहीत.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर असल्यामुळे डासांविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. कासव डासांच्या अळ्या खाईल या भरवशावर राहू नका. गप्पी मासे सोडले तर कासव त्यांनाच खाईल. गाळणीने पाणी हलते ठेवा, कोपरे साफ ठेवा. बाजूला पडलेली घमेली, करवंट्या आणि झाकणे आठवड्यातून एकदा कोरडी करा. अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम चुकवू नये. उरलेले खाद्य रात्री उघड्यावर ठेवले तर उंदीर येतात आणि उंदरांबरोबर लेप्टो. सिंधुदुर्गात या आजाराची वेगळी ओळख करून द्यायला नको.

घरातल्या माणसांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, पण विष्ठेतून ते पाण्यात, कवचावर आणि टाकीच्या काठावर पसरतात. ते सतत बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एकदा तपासणीत काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. प्रतिजैविके देऊन कासव ‘जंतुमुक्त’ करण्याचा प्रयत्नही करू नये. जंतू जात नाहीत, औषधाला दाद न देणारे मात्र होतात.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पाळीव कासवांमुळे वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार लोकांना साल्मोनेलाची लागण होत असल्याचा अंदाज होता. १९७५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कारण साधे होते: एवढे कासव लहान मूल सहज तोंडात घालते. तरीही २००७ साली फ्लोरिडात अवघ्या काही आठवड्यांचे एक बाळ या संसर्गाने दगावले. घरात होते सव्वा इंचाचे कासव. इतक्या लहान बाळाने कासव हातात घेण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्यांच्या हातांवरून किंवा घरातल्या भांड्यांवरून जंतू असे पोचू शकतात.

पाच वर्षांखालील मुले, पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा, गरोदर स्त्रिया, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणारे, यांना या संसर्गाचा धोका जास्त असतो. ‘आजीकडे ठेवूया’ या वाक्याचा पुनर्विचार करायला हवा तो यासाठी. गावच्या घरात बहुधा आजी-आजोबाच असतात आणि सुट्टीत नातवंडे येतात. घरगुती खानावळ किंवा न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनी जेवणाच्या खोलीत पर्यटकांच्या मुलांसाठी कासवाची पेटी ठेवू नये, हेही याच कारणाने सांगतो.

संसर्ग झाल्यास सहसा सहा तास ते सहा दिवसांत ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस आणि विश्रांती पुरते. पण शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणे, सुस्ती, सततच्या उलट्या यांपैकी काही दिसले, किंवा रुग्ण तान्हे बाळ असेल, तर लगेच दवाखाना गाठा आणि घरात कासव आहे हे न विचारता सांगा. या माहितीने तपासणीची दिशा बदलते.

कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने किमान वीस सेकंद हात धुवा. कासवाची पापी घेणे, त्याला स्वयंपाकघरात फिरवणे बंद. टाकी धुण्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवा. जिथे भांडी घासतो, तांदूळ धुतो, बाळाला आंघोळ घालतो, तिथे टाकीचे पाणी ओतू नका. ते माडाच्या आळ्यात घालावे, माडाला खतही मिळते. मात्र आळे विहिरीपासून लांब असावे, आणि कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याच्या वाफ्यात ते पाणी नको.

विहीर नको, तळे नको, समुद्रही नको

‘विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते’ ही समजूत महाराष्ट्रभर आहे. कासव किडे आणि मेलेले मासे खाते हे खरे, पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडते. पिण्याच्या विहिरीत कासव सोडणे म्हणजे साल्मोनेलाला घरपोच वाट करून देणे.

तळ्यात सोडणे हे तर आणखी मोठे नुकसान. हे कासव जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक परक्या जीवांच्या यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. केरळमध्ये आणि गुवाहाटीतील मंदिराच्या तळ्यात ते सापडले आहे. देशी कासवांची ऊन खाण्याची जागा, त्यांचे अन्न हे बळकावते आणि सोबत रोगही आणते. १५३० मध्ये बांधलेले धामापूरचे तलाव आणि सावंतवाडीचा मोती तलाव आपण पिढ्यान् पिढ्या जपले आहेत. एखाद्या घरातल्या अडचणीचा भार त्यांच्यावर टाकण्याचा कोणालाच अधिकार नाही.

काही जण दयाबुद्धीने हे कासव मालवणच्या किनाऱ्यावर आणून लाटांत सोडतात. वायंगणी-तांबळडेगच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघून समुद्राकडे धावणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्ले पाहिली, की कासवाचे घर म्हणजे समुद्रच असे वाटू शकते. पण रिडलेचे पाय वल्ह्यांसारखे असतात, ते खाऱ्या पाण्यासाठी घडलेले शरीर आहे. स्लायडरला बोटे आणि नखे असतात, ते गोड्या पाण्याचे कासव आहे. समुद्रात ते हाल होऊन मरते. याच्या उलट, किनाऱ्यावर सापडलेले रिडलेचे पिल्लू घरी आणून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. असे पिल्लू किंवा जखमी कासव दिसले, किंवा घरातले स्लायडर सांभाळणे शक्य नसेल, तर वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर फोन करून मार्गदर्शन घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी

घरी बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

• चारशे लिटरची टाकी किंवा हौद कुठे ठेवणार? जमीन तो भार पेलेल का?
• पुढची वीस-तीस वर्षे दर आठवड्याला पाणी कोण बदलणार? मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर कोण?
• घरात पाच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा मोठ्या आजाराचे रुग्ण आहेत का?
• कासवावर उपचार करणारा पशुवैद्यक किती किलोमीटरवर आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नंतर बघू’ असे येत असेल, तर कासव घेऊ नका. मुलांना कासव पाहायचेच असेल, तर हिवाळा संपता संपता घरटी फुटू लागतात तेव्हा पहाटे लवकर उठवून त्यांना वायंगणीला न्या. वनविभागाच्या माणसांसोबत लांब उभे राहून पाहू द्या. त्या कासवांना टाकी लागत नाही, आणि आपल्याला पाणीही बदलावे लागत नाही.